आत्याच्या दारातला उतार

आत्या तिच्या घरात कधी सापडायची नाही. निरोप घेऊन गेलं की तिचे यजमान, आमचे मामा, ओट्यावर बसलेले असायचे आणि विचारायच्या आधीच सांगायचे, "आत्ता हितंच व्हती." मग तिला शोधायचं म्हणजे वस्तीत जिकडून मोठ्यानं हसणं ऐकू येतंय तिकडं जायचं, नाहीतर जिकडं भांडण पेटलंय तिकडं. या दोन्हींपैकी एका ठिकाणी ती हमखास असायची, आणि दोन्ही ठिकाणी मधोमध.

ती माझी सख्खी आत्या नव्हती. तिचं माहेर आणि सासर एकाच गावातलं, एकाच वस्तीतलं. त्यामुळं अर्धी वस्ती तिला आत्या म्हणायची आणि उरलेली अर्धी वैनी. आष्टी तालुक्यातलं आमचं गाव तसं लहान, पण आत्याला ते पुरायचं नाही. बाजाराच्या दिवशी तिला काही घ्यायचं नसलं तरी ती आष्टीला जायची. कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पोरगं नापास झालं, आत्या दारात हजर. कुणी म्हटलं, "आत्या, घडीभर घरात टेकत जा की," तर म्हणायची, "घरात बसायला मी काय कणगी हाय?"

लोकांकडं कसं जावं याबद्दल तिचं एक ठाम मत होतं. "माणसाकडं बिनकामाचं जावं," ती म्हणायची. "काम घेऊन गेलं की माणूस आपलं तोंड बघत न्हाई, हात बघतो."

माझी आई गेली तेव्हा मी सातवीत होते. घरात बायकांची गर्दी झाली होती आणि जी नवी येईल ती मला छातीशी धरून रडायची. आत्या आली ती सरळ चुलीकडं गेली. सगळ्यांना चहा दिला, पाण्याची घागर भरून आणली, आणि मग मला भिंतीकडेला ओढून तिच्या दोन गुडघ्यांमध्ये बसवलं. दोन दिवस विंचरले नव्हते असे माझे केस तिनं हळूहळू सोडवले, तेल लावलं, दोन वेण्या घातल्या. रिबीन सापडेना तर स्वतःच्या जुन्या लुगड्याची किनार फाडून बांधली. म्हणाली, "दोन-चार दिसांनी शाळंला जायाचं. घरात बसलीस तर घर माणसाला खातं, पोरी." मी गेले. आज बीडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा सुटली असती तर मी कुठं असते, याचा विचार मी फारसा करत नाही.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. पाऊस पडला की वरच्या आळीतलं सगळं पाणी आमच्याकडं यायचं, आणि पाण्याबरोबर जे काही यायचं ते सगळं. लहानपणी मी कितीतरी घरांत पाणी शिरलेलं पाहिलंय. धान्य उंच बांधलेल्या माचोळीवर, अंथरुणं माचोळीवर, पोरं माचोळीवर, आणि बाया परातीनं पाणी उपसताहेत. आत्या आणि मामा दरसाल ऊसतोडीला जायचे. कैक हंगामांच्या कमाईतून त्यांनी घर बांधायला काढलं, तेव्हा आत्यानं गवंड्याला एकच गोष्ट बजावून सांगितली. जोतं उंच पाहिजे. गवंडी म्हणाला, "वैनी, एवढं बास." तर म्हणाली, "आणखी एक थर दे." तो थर झाला तर, "आणखी एक." शेवटी घर असं झालं की पायऱ्या चढून उंबऱ्यावर गेलं की वरच्या आळीची कौलं डोळ्यांसमोर यायची. त्या वर्षी पावसाळ्यात वस्तीत पाणी आलं तेव्हा आत्या पायरीवर पाय सोडून बसली होती आणि खालून वाहणाऱ्या पाण्याकडं बघून हसत होती. "जा म्हणावं आता कुठं जायचं ते." तिला इतकं सुखात बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग तो हंगाम आला.

ऊस तोडणं निम्मं काम, उरलेलं निम्मं भरणं. मोळी डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. खाली मान घालता येत नाही, हात सोडता येत नाही, पायच फळी ओळखतात. आत्या तरुणपणापासून त्या फळीवर चढत होती. त्या सकाळी फळी दवानं ओली होती. मध्यावर तिचा पाय सरकला आणि ती पाठीवर पडली, डोक्यावरची मोळी तिच्यावर. मामा मागंच उभे होते. "नुसता आवाज आला," एवढंच ते पुढं कधीतरी मला म्हणाले.

महिनाभर दवाखान्यात राहून ती गावी आली, तेव्हा कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. वस्तीतल्या चार पोरांनी चादरीची झोळी करून तिला पायऱ्या चढवून वर नेलं. पुढं एका शिबिरात तिला चाकाची खुर्ची मिळाली. खुर्ची चांगली होती. आत्या हातांनी चाकं फिरवायला आठवड्यात शिकली, घरातल्या घरात गरागरा फिरायची. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत. उंबऱ्याशी आली की थांबायची. तिथून पुढं पायऱ्या होत्या.

सुरुवातीला वस्तीतली पोरं उत्साहानं यायची. "आत्या, चल की, उचलून नेतो." एका लग्नाच्या हळदीला ती तशी गेलीही. येताना पायऱ्यांवर चढवताना लघवीची नळी कुठंतरी अडकली, पिशवी निसटली, आणि सगळ्यांदेखत तिचं लुगडं भिजलं. पोरांनी मान फिरवली. सगळे गेल्यावर ती मामांना म्हणाली, "हितून पुढं मला कुणी उचलायचं न्हाई. मी मोळी न्हाई."

म्हणजे मग उतार हवा. तिचा मुलगा राहुल पुण्याकडं कंपनीत नोकरीला आहे. त्यानं तिकडच्या दुकानातून दुमडता येणारा ॲल्युमिनियमचा रॅम्प आणला. चकचकीत, हलका, बॅगेसारखा उचलता येणारा. दुकानदारानं दाराची उंची विचारली होती, आणि राहुलनं ती अंदाजानं सांगितली होती. दारात लावला तर तो घसरगुंडीसारखा उभा राहिला. आत्या म्हणाली, "आधी ज्वारीला बसवा, मग मला." मामांनी खुर्चीत ज्वारीचं पोतं ठेवलं आणि मागून धरून हळूहळू सोडायला लागले. निम्म्यावर खुर्चीनं त्यांना ओढलं, पोतं उलटलं, ज्वारी सगळ्या गल्लीत. वस्तीतल्या कोंबड्या धावत आल्या. सगळ्यात जास्त आत्याच हसली. राहुल मात्र तो रॅम्प दुमडत राहिला, पुसत राहिला. नंतर त्यानं तो परत पुण्याला नेला.

मग सुतारानं सांगितलं, लाकडाची लांब फळी करू, आडव्या पट्ट्या मारू, चाकं घसरणार नाहीत. त्यानं नमुन्याला एक फळी आणून दाराला लावली. आत्या उंबऱ्यापर्यंत आली. फळी बघितली आणि तिचे हात चाकांवरच गोठले. मी त्या दिवशी तिथं होते. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "काढा ती," ती म्हणाली. सुतार म्हणाला, "आवं, अजून पट्ट्या मारायच्यात—" "काढ म्हनले ना बाबा. मी मरंन हितं, पर फळीवरून न्हाई यायची." मामांनी मुकाट्यानं फळी काढून भिंतीला उभी केली, तर तिथूनही ती न्यायला लावली.

राहिला सिमेंटचा उतार. तो चांगला व्हायचा तर लांब हवा, आणि जोतं एवढं उंच की सरळ पुढं काढला तर तो गल्ली ओलांडून समोरच्याच्या भिंतीला लागत होता. एकच वाट होती. घराच्या कडेकडेनं भिंतीला लागून उतार न्यायचा. त्या बाजूला आत्याचं घर आणि तिच्या धाकट्या दिराचं, पंडितचं घर, यांच्यामध्ये एक मोकळी पट्टी होती. दोघा भावांची सामाईक. पंडित तिथं त्याची जीप लावायचा. आष्टी-कड्याला प्रवासी नेणारी जीप, तिच्यावरच त्याचं घर चालायचं. पुढं थोरल्या पोराच्या लग्नाआधी तिथं एक खोली काढायचं त्याच्या मनात होतं.

मामा त्याच्याशी बोलायला गेले आणि काही न बोलता चहा पिऊन परत आले. मग मी गेले. पंडितमामांनी मला खुर्ची दिली, शाळेची चौकशी केली, आणि विषय काढल्यावर म्हणाले, "सुजाता, तू शिकलेली हाईस. तूच सांग. आज उतार बांधला. उद्या तो पक्का झाला. परवा राहुल म्हनंल, जागा आमचीच. मग मी कुठं जाऊ?"

"राहुल असं म्हणणार नाही, मामा. लिहून देईल."

"लिहून दिल्यालं कोण वाचतंय?" ते म्हणाले. "भावाभावांत कागद आला की भाऊ ऱ्हात न्हाई."

शेवटी आत्यानंच त्याला बोलावलं. तो पायऱ्यांखाली उभा राहिला, ती वर उंबऱ्यात खुर्चीवर. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा पंडित एवढासा होता. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, शाळेत सोडणं सगळं आत्यानंच केलेलं. ती गोष्ट तिनं काढली नाही. एवढंच म्हणाली, "पंडित, तुझी जीप उभी राहू दे. मला तिच्या कडंनं जाऊ दे. कावून नगं म्हनतूस?"

पंडितच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. हात जोडून म्हणाला, "वैनी, तुमी जीव मागा, आत्ता देतो. जागा तेवढी मागू नगा."

आत्या म्हणाली, "जीव घेऊन मी काय करू बाबा? माझाच मला जड झालाय." आणि खुर्ची वळवून आत गेली.

त्यानंतर तिनं एकदा सुचवलं, "मला खालीच ठिवा. दारापुढं पत्र्याचं शेड मारा, मी तितं ऱ्हाते." मामा पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले. "पावसाळ्यात पाण्यात ठिवू तुला? वरच्या आळीच्या घाणीत?" ज्या पाण्यातून वर यायला तिनं जन्म घालवला, त्यात तिला परत ठेवायला ते तयार नव्हते. त्यांचंही खरं होतं.

मग जे जमत होतं ते केलं. स्वतःच्या दारापुढं जेवढी जागा होती तेवढ्यातच उतार बांधला. आखूड आणि खडा. बांधताना सगळ्यांना दिसत होतं की तो खडा आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरा, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. मीही सांगितलं.

पहिल्या दिवशी आम्ही पाचसहा बायकांनी मागून खुर्चीला साडी बांधून धरली आणि आत्याला खाली उतरवलं. गल्लीत पाय टेकावेत तशी तिनं चाकं टेकवली आणि मग तिला थांबवणं कठीण झालं. या दारी, त्या दारी. विहाराजवळ जाऊन हात जोडून आली. कुणाकडं चहा, कुणाकडं भाकरी. एका घरी नव्या सुनेला म्हणाली, "मी कोण, तुला ठावं न्हाई. लई फिरायची मी." दुपार उलटून गेली तरी तिला घरी जायचं नव्हतं. तोंडावर ऊन आणि धूळ, आणि हसताना डोळे मिटलेले. तो एक दिवस मी बघितला. तो बघायला मिळाला याचं बरं वाटतं आणि नंतर त्याचाच त्रास होतो.

कारण वर चढवायला दर वेळी माणसं लागायची. आधी हाक मारायच्या आत यायची. मग हाक मारल्यावर यायला लागली. मग, "आत्या, जरा थांब, आलोच," असं म्हणून घटकाभरानं. कुणाचंही चुकत नव्हतं. प्रत्येकाला रोजगार होता, पोरंबाळं होती. आणि आत्याला मागायची सवय नव्हती. आयुष्यभर बिनकामाची सगळ्यांकडं गेलेली बाई आता बाहेर पडायलाच दुसऱ्याला काम सांगायला लागली होती. तिनं बाहेर जायचं कमी केलं. दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या आणि वस्ती रिकामी झाली. म्हातारी माणसं, शेरडं आणि कुलपं मागं राहिली.

त्या रिकाम्या दिवसांत एकदा तिचा चेहरा बघून मामाच म्हणाले, "चल, मी नेतो." खाली उतरवताना जमलं. दोघं हापशापर्यंत जाऊन आले. परत वर चढवताना निम्म्यावर मामांचा दम सुटला आणि खुर्ची मागं यायला लागली. बाजूला व्हायचं सोडून त्यांनी खुर्चीखाली स्वतःला घातलं. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. आत्या त्यांच्या अंगावर पडली आणि तिला उठता येईना. ज्या माणसाच्या अंगावर आपण पडलोय तो कण्हतोय, आणि आपल्याला आपलं अंग त्याच्यावरून हलवता येत नाही, असं ती बराच वेळ पडून ओरडत होती.

धावत आला तो पंडितच. त्यानंच दोघांना उचललं, त्यानंच जीपमधून दवाखान्यात नेलं, भावाच्या उशाशी बसून राहिला, जेवला नाही. दवाखान्यातून आणल्यावरही दिवसातून दोनदा येऊन तो मामांना धरून उठवायचा. जागेचा विषय मात्र त्यानं काढला नाही. मामांनीही नाही.

मी भेटायला गेले तेव्हा आत्या मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून होती. दारातल्या उतारावर शेरडं ऊन खात बसली होती. मी म्हटलं, "आत्या, मी आहे दोन दिवस. चल, बाहेर जाऊ. मी आणि दोघीतिघी धरतो." ती म्हणाली, "नगं. मला आता बाहेर जावंच वाटत न्हाई." हे ती मामांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मामांना काठीशिवाय चालता येईना, तेव्हा राहुल दोघांना पुण्याला घेऊन गेला.

पुढच्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते, तेव्हा तिला भेटायला गेले. मोठी इमारत, दारात वॉचमन, दोन लिफ्ट. आणि प्रवेशद्वाराशी खरोखर फार सुंदर रॅम्प होता. लांब, मंद, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे, मध्ये वळणावर थांबायला सपाट जागा. मी वर जायच्या आधीच आत्या लिफ्टमधून खाली आली, एकटी. मला बघून हसली, आणि मला दाखवायला म्हणून स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत रॅम्पवरून खाली गेली, वळून परत वर आली. दम सुद्धा लागला नाही.

"बघितलंस? कुनाला धरावं लागत न्हाई."

"मग आता काय, आत्या! फिरतेस ना रोज?"

"फिरते की. वर जाते, खाली येते." मग म्हणाली, "जायाचं कुनाकडं पर?"

हळूहळू तिनं सांगितलं. सुरुवातीला ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईकडं गेली होती. बेल वाजवली. जाळीचं दार थोडंसं उघडून ती बाई म्हणाली, "काही काम होतं का, काकू?" आत्या म्हणाली, "काम न्हाई. आलते बसायला." ती बाई चांगली होती, आत्याच म्हणाली. "गोड बोलली लई. म्हनली, आत्ता मीटिंग चालूय, काकू, नंतर या. मी नंतर गेलते. तवा बी चालूच व्हती." त्यानंतर ती कुणाकडं गेली नाही. सकाळी खाली यायची, रॅम्पच्या टोकाशी गेटजवळ बसायची, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडं बघून हसायची. काही जण हसायचे. बऱ्याच जणांच्या कानात काहीतरी असायचं.

तिला पाठीला जखम झाली होती, सतत बसून बसून. ती मला तेव्हा तिनं सांगितली नाही. सुनेलाही बरेच दिवस सांगितली नव्हती. सांगितली असती तर पालथं झोपून राहावं लागलं असतं, खाली येता आलं नसतं, असं नंतर राहुल म्हणाला. मी निघाले तेव्हा ती गेटपर्यंत आली. म्हणाली, "वस्तीत सांग, आत्या बरी हाय. उतार लई चांगला हाय म्हनाव." माझी रिक्षा वळेपर्यंत ती तिथंच होती.

थंडीत राहुलचा फोन आला, आत्या गेली. जखम चिघळून अंगात विष पसरलं होतं. मी वस्तीत कळवायला फोन लावत बसले, पण सगळी वस्ती ऊसतोडीला गेलेली. कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. कुणाचा फोन लागला, कुणाचा नाही. फडातून एका बाईनं फोन उचलला, ऐकलं, आणि नुसतं "आत्या?" असं म्हणाली. मागं कोयत्यांचे आवाज चालूच होते. पंडितच्या जीपमधून आम्ही चौघं निघालो. रस्ताभर पंडित रडत होता आणि गाडी चालवत होता.

पोचलो तेव्हा तिला घेऊन गेले होते. विद्युतदाहिनीची वेळ ठरलेली असते. आम्हाला राख दिसली. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली होती, राहुलच्या कंपनीतली काही माणसं सोफ्यावर बसून होती, त्यांना आत्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि आम्हाला त्यांच्याबद्दल. चहा कुणी करावा हे कळत नव्हतं. मी उठून केला. मामा खुर्चीत बसून होते. रिकामी चाकाची खुर्ची त्यांच्या शेजारी होती आणि त्यांनी एक हात तिच्या पाठीवर ठेवला होता.

परत निघताना लिफ्टजवळ एक बाई भेटल्या. हातात भाजीची पिशवी, गडबडीत. आमचे पांढरे कपडे बघून थांबल्या आणि मला हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

मी आत्याचं नाव सांगितलं. त्यांना कळलं नाही. राहुलची आई म्हणून सांगितलं, तरी त्यांना आठवेना. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं.

"अच्छा, त्या खाली बसून असायच्या त्या?"

मी म्हटलं, "हो." तेवढ्यात लिफ्ट आली.